नाईटची सवय कधी होते? नवीन स्टाफ नर्सच्या प्रश्नाला माझं उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत परत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते तुलाही कळेल. बीएस्सी नर्सिंग झालं, पुण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डला लागून दोन महिने झाले. एक आठवडा मॉर्निंग, मग नाईट, मग इव्हनिंग असं फिरतं, नाईट रात्री ८ ते सकाळी ८, सलग पाच. पीजीत तिघी राहता, बाकीच्या दोघी आयटीवाल्या. दिवसा तीन-साडेतीन तासांच्या वर झोप लागत नाही, पहाटे चारला मळमळतं, आणि गेल्या आठवड्यात एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याच्या ट्रेमध्ये ठेवलंस, ते सीनियरने वेळेत पकडलं, पण तेव्हापासून ड्यूटीवर जातानाच हात गार पडतात. विचारतेयस की सवय व्हायला किती दिवस लागतात, झोपेची गोळी घेऊ का, नाईट केल्याने कॅन्सर होतो म्हणतात ते खरं का, आणि सवय झालीच नाही तर मी या कामाला लायक नाही असं समजायचं का. शिवाय शेवटी दादाच्या साखरपुड्याचं विचारलंयस, त्यावर शेवटीच येते.

मी १८ वर्षं हे काम करतेय. पहिली चार वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, नंतर मुंबईत. आता आयसीयूची इन्चार्ज आहे, त्यामुळे नाईट केल्यातही आहेत आणि आता दुसऱ्यांच्या नाईट लावतेही मीच.

पहिली गोष्ट, सवय होत नाही. हे ऐकून घाबरू नकोस, उलट मला हे कोणीतरी पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं तर माझं वर्षभर रडणं वाचलं असतं. मी वाट बघत बसले होते की आज ना उद्या शरीराला कळेल, आणि ते काही कळेना, आणि मग वाटायला लागलं की माझ्यातच काहीतरी कमी आहे, बाकीच्या बघा कशा हसत-खेळत करतात. सवय होत नाही, घडी बसते. म्हणजे नाईट आली की काय करायचं आणि काय नाही याची एक घडी. ती बसायला माझ्या अनुभवात तीन-चार महिने जातात, म्हणजे नाईटच्या चार-पाच फेऱ्या. तुझ्या आत्ता दोनच झाल्यात.

सवय का होत नाही ते समजून घे, म्हणजे स्वतःला दोष देणं थांबेल. आपण फिजिओलॉजीत शिकलोय पण परीक्षेपुरतं. मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये एक छोटं केंद्र असतं, तेच शरीराचं मुख्य घड्याळ. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते रोज स्वतःला लावून घेतं. अंधार पडला की मेलाटोनिन हे झोप आणणारं हॉर्मोन वाढायला लागतं, शरीराचं तापमान उतरत जातं आणि पहाटे चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात खाली येतं. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे ही काही मनाच्या कमकुवतपणाची गोष्ट नाही, पेशीपेशीत लिहिलेली गोष्ट आहे. आता हे घड्याळ सरकतं, पण हळू, दिवसाला साधारण एखाद-दीड तास. तू पाच नाईट करतेस आणि रोज सकाळी आठला लख्ख उन्हातून घरी जातेस. ते बिचारं थोडं सरकतं न सरकतं तोच ऊन त्याला परत जागेवर बसवतं, आणि मग तुझी नाईट संपते. त्यामुळे पाच नाईटमध्ये घड्याळ पूर्ण उलटं करायचा नादच सोड. ते होणार नाही आणि झालंच तर पुढच्या आठवड्यात परत सरळ करावं लागेल.

म्हणून मला वाटतं तुझा खरा प्रॉब्लेम रात्रीची जाग नाहीच आहे, दिवसाची झोप आहे. रात्री जागणं कोणालाही जड जातं, पण सहा तास झोपून आलेली मुलगी आणि तीन तास झोपून आलेली मुलगी यांच्या चौथ्या नाईटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. तू रोज तीन-साडेतीन तासांवर पाच नाईट काढतेयस. मळमळ, हात गार पडणं, ट्रेची चूक, सगळं त्यातनं निघतंय असं माझं मत आहे.

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधीच सांगते. तुला थायरॉइड, मायग्रेन, फिट्सचा त्रास, शुगर, असं काही असेल तर माझं उत्तर बाजूला ठेव आणि आधी तुमच्याच हॉस्पिटलच्या फिजिशियनना दाखव, फिट्सवाल्या माणसाला जागरण खरोखर घातक असतं. काहीजणी जन्मतः उशिरा झोपणाऱ्या असतात, त्यांना नाईट सोपी जाते, पहाटे पाचला आपोआप उठणाऱ्यांना जास्त जड जाते. आणि तुझा वॉर्ड. दोन स्टाफवर तीस पेशंट असतील तर मी खाली लिहिलेल्या अर्ध्या गोष्टी जमणार नाहीत हे मला माहितीय. जेवढं जमेल तेवढं घे.

पहिल्या नाईटपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. मुली काय करतात, नाईट रात्री आहे म्हणून सकाळी सातला उठतात, दिवसभर कपडे धुतात, मार्केटला जातात, आईशी बोलतात आणि संध्याकाळी तयार होऊन निघतात. रात्री बारा वाजेपर्यंत सतरा तास जागून झालेले असतात आणि अजून आठ तासांची ड्यूटी बाकी. ऑस्ट्रेलियात १९९७ साली यावर अभ्यास झाला होता. सतरा तास सलग जागलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं ढिलं पडतं असं त्यात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ०.०३. हिशोब तूच कर. तेव्हा पहिल्या नाईटच्या दिवशी सकाळी जमेल तितकं उशिरा ऊठ, आणि दुपारी जेवून दीड ते साडेतीन-चार अंधार करून आडवी हो. झोप लागली नाही तरी फोन लांब ठेवून पडून राहा. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला शरीराला आपोआप एक सुस्ती येते, तिचा फायदा घे. हे एक केलंस तरी पहिली नाईट निम्मी हलकी होते.

ड्यूटीवर खाण्याचं. घरून सात-साडेसातला पूर्ण जेवून जा, पोळी-भाजी-वरण-भात जे असेल ते. मग बारा-साडेबाराला थोडं काहीतरी, अर्धी पोळी, दही-भात, उपमा. त्यानंतर पोट भरून खाऊ नकोस, कारण त्या वेळी पोटही झोपलेलं असतं, पचन मंदावतं, साखरही दिवसासारखी जिरत नाही. वॉर्डात कोणाचा तरी वाढदिवस असतो आणि रात्री दोनला बिर्याणी उघडतात, तेव्हा दोन घास खा आणि थांब. पहाटेसाठी राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे-गूळ, केळं असलं जवळ ठेव. तुझी चारची मळमळ रिकाम्या पोटी घेतलेल्या चहाने वाढत असणार असा माझा अंदाज आहे. तू लिहिलंयस की साडेतीनला झोप येते म्हणून मावशी चहा आणतात तो घेते. तो बंद कर. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास घेतं, साडेतीनला घेतलेला चहा सकाळी नऊला तू गादीवर पडलीस तरी अंगात जागाच असतो. चहा घ्यायचाच तर ड्यूटी सुरू झाल्यावर आणि मग बारा-एकला. दोननंतर कोमट पाणी. पहिल्या दोन नाईट त्रास होईल, मग नाही.

आणि चारला जी थंडी वाजते ती फक्त एसीची नसते, तापमान उतरल्याची पण असते. बॅगेत एक पातळ स्वेटर ठेव. साधी गोष्ट आहे पण कुडकुडत माणसाचं लक्ष लागत नाही.

आता चुकांचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी पहिल्या नोकरीतली दुसरी की तिसरी नाईटची फेरी होती, चौथी नाईट, पहाटेचे पाच. सहाचे अँटिबायोटिकचे डोस लावत होते. सेफ्ट्रियाक्झोनची बाटली, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालून हलवायचं आणि द्यायचं, रोज दहा वेळा केलेलं काम. ट्रेमधली प्लास्टिकची अँप्यूल उचलली, मान मोडली, सिरिंज लावणार तेवढ्यात पलीकडच्या बेडवरून आमच्या सीनियर सिस्टर, केरळच्या होत्या, त्यांनी विचारलं, "कितवी नाईट तुझी?" मी म्हटलं चौथी. त्या आल्या, माझ्या हातातून अँप्यूल घेतली आणि लेबल मोठ्याने वाचलं. पोटॅशियम क्लोराइड. तीच दहा एमएलची, तशीच पारदर्शक, तसंच पाणी. थेट शिरेत गेलं असतं तर पेशंटचं हृदय थांबलं असतं, हे मला पुस्तकात पाठ होतं, आणि तरी ती अँप्यूल माझ्याच हातात होती. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "डोळे वाचत नाहीत पहाटे, तोंडाने वाच." मी बाथरूममध्ये जाऊन रडले, परत आले आणि उरलेले सगळे डोस त्यांनी माझ्याबरोबर उभं राहून दिले.

त्या दिवसापासून आजपर्यंत मी लेबल ओठ हलवून वाचते. उचलताना एकदा, भरताना एकदा, रिकामी टाकताना एकदा. दिवसाही, पण रात्री तीनच्या पुढे तर न चुकता. झोपाळलेला मेंदू काय करतो, जे अपेक्षित असतं तेच वाचतो. बोलून वाचलं की ती झापड तुटते. तसंच पेशंटला "तुमचं नाव काय" असं विचारायचं, "तुम्ही शिंदे काका ना" असं विचारायचं नाही, कारण अर्धवट झोपेतले काका कशालाही हो म्हणतात. बेड नंबरवर जायचं नाही, हाताचा बँड बघायचा. इन्सुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं), पोटॅशियम ही तीन पहाटे एकटीने भरायचीच नाहीत, दुसऱ्या स्टाफला बोलवायचं, ती बिझी असेल तर थांबायचं. आणि पोटॅशियम बाकीच्या अँप्यूलच्या शेजारी ठेवलेलं दिसलं तर ते उचलून वेगळ्या, लेबल लावलेल्या डब्यात ठेव आणि सकाळी इन्चार्जला सांग. तू नवीन असलीस तरी सांग.

कामाची मांडणी पण रात्रीच्या हिशोबाने कर. डोक्याचं काम दोनच्या आत संपव. पाचशे एमएल सलाईन आठ तासांत जायचंय, एमएलला वीस थेंब पडणारा सेट आहे, तर मिनिटाला साधारण एकवीस थेंब, हा हिशोब रात्री दहाला तू चालता चालता करशील, पहाटे चारला तीनदा करशील आणि तीन उत्तरं येतील. म्हणून इन्फ्युजनचे रेट, सकाळच्या सॅम्पलच्या बाटल्यांवर नावं, नवीन ऑर्डरी केस पेपरवरून उतरवून घेणं, हे सगळं आधी. तीन ते पाच पायाचं काम ठेव, राऊंड, पोझिशन बदलणं, युरिन बॅग, इनटेक-आउटपुट म्हणजे पेशंटच्या अंगात किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं त्याची नोंद. सहाची औषधं पेशंटप्रमाणे ट्रेमध्ये आधी काढून ठेवायला हरकत नाही, पण भरून ठेवू नकोस, भरलेली बिननावाची सिरिंज म्हणजे कोणाचीच नसते. नोट्स त्या त्या वेळी लिही, सगळ्या सहा वाजता लिहायला बसलीस की तापमान सगळ्यांचं अठ्ठ्याण्णव पॉइंट सहाच येतं, हे मी रोज बघते.

आणि ज्या सीनियरने तुझी ट्रे पकडली तिच्यापासून लपत फिरतेयस असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. तसं करू नकोस. तिच्याकडेच जा, सांग की पुढच्या नाईटला पहाटेचे डोस माझ्याबरोबर चेक कराल का. पेशंटला काही झालं नाही तरी तो प्रसंग तुमच्या इन्सिडेंट रजिस्टरला लिहिला गेला पाहिजे, तुला शिक्षा म्हणून नाही, तर ट्रे शेजारी शेजारी ठेवायची पद्धतच चुकीची आहे हे वर कळावं म्हणून.

मध्ये झोपावं का? हे हॉस्पिटलच्या नियमांवर आहे. ब्रेक मिळत असेल आणि तुझे पेशंट दुसरीला रीतसर सांगून जाता येत असेल तर वीस-पंचवीस मिनिटं डोळे मिट, अलार्म लावून. त्याहून जास्त झोपलीस तर गाढ झोपेतून उठशील आणि जास्तच जड होशील. उठल्यावर तोंड धू, दहा-पंधरा मिनिटं कुठलंही इंजेक्शन हातात घेऊ नकोस. नियमात बसत नसेल तर चोरून खुर्चीत डुलक्या काढू नकोस, त्यात झोपही होत नाही आणि नोकरीवर येतं. आणि ब्रेक असो की कपडे बदलणं, रात्री बेसमेंटच्या, कोपऱ्यातल्या खोल्यांत एकटीने जायचं नाही, कोणाला तरी सांगून जायचं. १९७३ साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या बेसमेंटमध्ये कपडे बदलताना तिथलीच नर्स अरुणा शानबाग हिच्यावर हल्ला झाला, त्यानंतर ती एक्केचाळीस वर्षं त्याच हॉस्पिटलच्या बेडवर होती आणि तिथल्या नर्सनीच तिला शेवटपर्यंत सांभाळलं. आमच्या पिढीला सीनियर्सनी हे पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, तुमच्या पिढीला कोणी सांगतं की नाही मला शंका आहे, म्हणून लिहिलं.

आता सकाळ. ओव्हर दिलं, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवले, पंच केलं की सरळ घरी. नाश्त्याला मैत्रिणींबरोबर बसून दहा वाजवायचे नाहीत, निदान नाईटच्या आठवड्यात नाही. बाहेर पडताना काळा गॉगल लाव, ते घड्याळाचं सांगितलं ना, उन्हाने ते जागं होतं. गॉगल घालून रिक्षाने किंवा बसने जा. तू स्कूटीने जातेस असं लिहिलंयस, त्याची मला काळजी वाटते. मी अंबरनाथला राहायचे तेव्हा, मुंबईहून नाईट करून ट्रेनमध्ये बसले की कल्याणपर्यंत जागी असायचे आणि पुढे काही आठवायचं नाही. एकदा डोळे उघडले तर कर्जत. ट्रेन होती म्हणून फक्त दीड तास गेला. हँडल हातात असतं तर? डुलकी दोन-तीन सेकंदांचीच असते, पण चाळीसच्या स्पीडला तेवढ्यात वीस-तीस मीटर जातात. नाईटच्या आठवड्यात स्कूटी पीजीतच ठेव. रिक्षाचे पैसे जातील, जाऊदेत.

आणि झोप. इथे तुला थोडं भांडावं लागेल, प्रेमाने पण भांडावं लागेल, कारण तुझी सकाळ ही तुझी रात्र आहे हे आजूबाजूच्या कोणालाच मान्य नसतं. घरी गेल्यावर हलकं काहीतरी खा, आंघोळ कर, आणि नऊ-साडेनऊला आडवी हो. खिडकीला काळ्या अस्तराचं कापड लाव, पीजीवाल्या काकू पडदे बदलू देत नसतील तर आतून खाकी कागद चिकटव, आणि डोळ्यांवर पट्टी. इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात. पंखा जोरात ठेव किंवा छोटा टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून लाव, त्याच्या घरघरीत भंगारवाल्याची रेकॉर्ड, मिक्सर, जिन्यातली भांडी हे सगळं बुडून जातं. ड्यूटी लिस्टचा झेरॉक्स दारावर चिकटव आणि नाईटचे दिवस लाल पेनाने गोल कर. तुझ्या रूममेट वाईट नाहीत गं, त्यांना माहीतच नाही. त्यातली एक वर्क फ्रॉम होम करते म्हणालीस ना, तिला सांग, नाईटच्या पाच दिवसांत दहा ते दोन कॉल हॉलमध्ये घे, बदल्यात मी तुझी भांडी घासते. आईला पण सांग की दुपारी बाराला फोन करू नको, मी चारला करेन. माझी आई दोन वर्षं रोज बाराला फोन करायची, "झोपली होतीस का" विचारायला.

फोन सायलेंट नाही, दुसऱ्या खोलीत. अलार्मसाठी साधं घड्याळ घे.

तीन तासांनी जाग येते आणि परत लागत नाही, यावर माझा उपाय म्हणजे झोपेचे दोन तुकडे करणं. सकाळी साडेनऊ ते दीड जमेल तेवढी, मग ऊठ, जेव, हवं तर थोडं फिर, आणि संध्याकाळी साडेचार-पाचपासून परत दीड तास. एकूण सहाच्या जवळ गेलं पाहिजे. दीडला जाग आली म्हणजे आजचा दिवस गेला असं मानून रील बघत बसू नकोस, दुसरा तुकडा अजून बाकी आहे. फक्त गणपतीच्या आधीचा महिना पुण्यात हा दुसरा तुकडा ढोल-ताशाच्या सरावात जातो, तेव्हा मग सकाळचाच वाढवायला लागतो.

एक कर, पुढच्या नाईटच्या आठवड्यात पेशंटचा इनटेक-आउटपुट लिहितेस तसा स्वतःच्या झोपेचा चार्ट लिही. कधी पडले, कधी उठले, शेवटचा चहा किती वाजता. पाच ओळी होतील. त्यावरून तुलाच दिसेल गळती कुठे आहे, आणि डॉक्टरकडे किंवा इन्चार्जकडे जायची वेळ आली तर तो कागद तोंडी तक्रारीपेक्षा जास्त बोलतो.

शेवटच्या नाईटनंतर मात्र उलटं. त्या सकाळी फक्त तीन तास झोप, बारा-साडेबाराला ऊठ, उन्हात जा, दिवसभर जड वाटेल, आणि रात्री नऊ-दहाला झोप. पूर्ण दिवस झोपून काढलास की रात्री टक्क जागी राहशील आणि नाईटनंतरची सुट्टीही वाया जाईल.

गोळ्यांचं स्पष्ट सांगते, नाही. स्वतःच्या मनाने तर नाहीच आणि वॉर्डच्या कपाटातली तर कधीच नाही. एक गोळी झोपायला, मग जागं राहायला चार कॉफ्या, मग परत गोळी, या चक्रात अडकलेली माझ्याबरोबरची एक चांगली हुशार नर्स मी बघितलीय. मेलाटोनिन हल्ली सगळे सुचवतात, पण ते कधी घ्यायचं याची वेळ चुकली तर उलटा परिणाम होतो, डॉक्टरांना विचारूनच. आणि गोळीच्या आधी पडदा, चहा, फोन या तीन गोष्टी महिनाभर करून बघ.

कॅन्सरचं. जागतिक आरोग्य संघटनेची जी कॅन्सर संशोधन संस्था आहे तिने २००७ मध्ये आणि परत २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कॅन्सरकारक' अशा २ए गटात ठेवलंय, हे खरं आहे. त्याच गटात मटणासारखं लाल मांसही आहे. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही, आणि काळजी आहे ती वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांची. दोन महिन्यांच्या नाईटवरून रात्रीची झोप उडवून घेऊ नकोस. पाळी मागे-पुढे होणं हे जास्त जवळचं आहे, पुष्कळ मुलींचं होतं. पण दोन-तीन महिने लागोपाठ बिघडली तर नाईटवर ढकलून गप्प बसू नकोस, दाखव, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घे.

आता इन्चार्ज म्हणून बोलते. तुझी लिस्ट मॉर्निंग, नाईट, इव्हनिंग अशी फिरते, ती मॉर्निंग, इव्हनिंग, नाईट अशी फिरली तर शरीराला सोपी जाते, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा जरासं लांबच चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. नाईटनंतर पूर्ण ऑफ आणि मग मॉर्निंग-इव्हनिंग, हा क्रम मागायला काही पैसे लागत नाहीत, फक्त लिस्ट लावणाऱ्याला थोडी डोकेफोड. "मला नाईट झेपत नाही" असं जाऊन म्हणू नकोस, ते वाक्य आम्ही महिन्यात दहा वेळा ऐकतो आणि खरं सांगायचं तर तेवढ्यावर आम्हाला काही करता येत नाही. "मॅडम, इव्हनिंग नाईटच्या आधी लावता येईल का, नाईट तेवढ्याच करेन" असं म्हण. लिस्ट लागायच्या आधी, लागल्यावर नाही. सगळ्या इन्चार्ज ऐकतील असं नाही, पण माझ्याकडे असं कोणी मागितलं आणि मी दिलं नाही असं फार कमी वेळा झालंय.

लायकीचं विचारलंस. चूक झाल्यावर जिचे हात गार पडतात ती मुलगी मला माझ्या वॉर्डात हवी असते. चार-पाच फेऱ्या हे सगळं मनापासून करून बघ. दिवसाला सहा तास झोप होऊनही पहाटे उभ्या उभ्या डोळे मिटत असतील, किंवा ऑफच्या दिवशीही रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेट आणि चार्ट घेऊन जा. आणि नाईट खरंच कधीच झेपणार नाही असं ठरलं तर ओपीडी आहे, डायलिसिस आहे, शाळा आहेत, कम्युनिटीचं काम आहे, टीचिंग आहे, तीही नर्सिंगच आहे. पण हा निर्णय साडेतीन तासांच्या झोपेवर घेऊ नकोस.

आता साखरपुडा. शनिवारची नाईट करून रविवारी सकाळी साताऱ्याला जायचंय आणि रविवारी रात्री परत नाईट. हे असं करू नकोस. आजच एखादीशी शनिवारची म्युच्युअल, म्हणजे ड्यूटीची अदलाबदल कर, दोघींच्या सह्यांचा अर्ज इन्चार्जकडे दे, तिला तू दिवाळीतली एक नाईट कबूल कर म्हणजे ती लगेच तयार होईल. नाहीच जमलं तर निदान रविवारची रात्र तरी बदलून घे, आणि जाताना स्वारगेटहून एसटी, स्कूटी नाही, दादाला न्यायला यायला सांगू नकोस, त्याला तिथेच कामं असतील. खिडकीपाशी बसू नकोस, ऊन येतं. साडी आणि दागिने शुक्रवारीच बॅगेत भरून ठेव, शनिवारी सकाळी इस्त्री करत बसलीस तर दुपारची झोप जाईल.